लहान ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग कशाला?

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत पिंगळी हे स्टेशन लागते. आजूबाजूला सगळी काळी, भारी जमीन. श्रावणाच्या सुमारास खिडकीतून बाहेर पाहिलेत, तर कापसाच्या ओळींतून कोळपणी चाललेली दिसेल. कुठे बैलजोडी असेल, तर कुठे हल्ली एखादा बुटका, अरुंद ट्रॅक्टर असेल. पंधरा-वीस अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर कापसाच्या दोन ओळींमधून जाऊ शकतो, म्हणून लहान शेतकऱ्याला तो सोयीचा वाटतो.

आता नजर धुऱ्यावर ठेवा. बैलजोडी धुऱ्याशी आली की माणूस कासरा थोडा हलवतो, तोंडाने एखादा आवाज करतो आणि बैल आपले आपण वळतात. ट्रॅक्टर धुऱ्याशी आला की चालवणारा पुढे झुकतो, कोपरे उचलतो आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढू लागतो. ओल्या मातीत बसलेली पुढची चाके सहजासहजी वळत नाहीत. वळली की पुन्हा सरळ करायची, आणि शंभर पावलांवर पुन्हा तेच.

असे का व्हावे? कासऱ्याला जोर लागत नाही, कारण कासरा ही नुसती खूण आहे. वळण्याचे काम बैल करतात. साध्या स्टिअरिंगमध्ये खूणही तुम्हीच करायची आणि कामही तुम्हीच करायचे. पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायचे तर ती कासऱ्याचीच पद्धत आहे. हाताने खूण करायची, ओढण्याचे काम इंजिनावर सोपवायचे.

‘‘एवढ्याशा ट्रॅक्टरला ते कशाला? ती चैन झाली,’’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. याच्या उलट, हातात कसब असलेली काही मंडळी म्हणतात, ‘‘भंगारातल्या मोटारीचे पॉवर स्टिअरिंग आणू आणि बसवून टाकू.’’ मला यांपैकी एकही म्हणणे पटत नाही. का पटत नाही ते सांगतो. मात्र त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. वही जवळ घ्या.

समजा, आपल्या ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो आहे. त्यातले ४० टक्के पुढच्या आसावर येते असे धरू. म्हणजे ३२० किलो. एका चाकावर १६०. उभ्या ट्रॅक्टरचे चाक वळवताना टायर जमिनीवर घासत फिरतो. टणक जमिनीवर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर घर्षणाचा विरोध १६० × ०.७ = ११२ किलोभार झाला. हा विरोध चाक ज्या खिळीभोवती फिरते तिच्यापासून, म्हणजे किंगपिनपासून, सरासरी ९ सेंटिमीटरवर लागतो असे समजू. एका चाकाला ११२ × ९ = १००८, दोन चाकांना मिळून सुमारे २००० किलोभार-सेंटिमीटर एवढी वळवण्याची ताकद लागेल. स्टिअरिंगच्या पेटीतले दाते ही ताकद वीसपट करतात असे धरा. पण पेटीत आणि सांध्यांत तिचा एक तृतीयांश भाग घर्षणात जातो. स्टिअरिंगची त्रिज्या १९ सेंटिमीटर. गणित करून पाहा: कडेवर हाताला लागणारा जोर ८ किलोभाराच्या आसपास येतो. एक किलोभार म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

आठ किलो! हे काही फार नाही. मग धुऱ्यावरचा माणूस एवढा का वाकतो?

याचे पहिले कारण बहुधा ग्रीस हे असते. किंगपिन आणि टाय रॉडचे सांधे कोरडे पडले, त्यांत काळी माती शिरली, की एक तृतीयांशाऐवजी दोन तृतीयांश ताकद वाटेतच जिरते. मग आठाचे सोळा होतात. टायरात हवा कमी असली की टायर जास्त पसरतो आणि जास्त घासतो. आकडा आणखी चढतो. म्हणजे पाहा, निम्मे ओझे दोन-चार निपलांत ग्रीस भरून उतरण्यासारखे असते. कोरड्या सांध्यावर पॉवर स्टिअरिंग बसवणे हे माझ्या मते रोग्याला औषध देण्याऐवजी त्याचे कण्हणे बंद करण्यासारखे आहे. हाताला जड लागणे ही यंत्राची तक्रार असते. पंप ती तक्रार दाबून टाकतो आणि सांधा झिजतच राहतो.

दुसरे कारण तरफेचे. ट्रॅक्टरच्या नाकाशी फवारणीची टाकी किंवा माती उचलण्याचे खोरे लावले, आणि त्याचे १५० किलो वजन पुढच्या आसाच्या एक मीटर पुढे आले, तर पुढच्या आसावर किती वजन वाढेल? १५० म्हणाल तर चुकलात. दोन आसांतले अंतर दीड मीटर असेल, तर मागचा आस हा टेकू समजून गणित करा: १५० × २.५ ÷ १.५ = २५० किलो! मागच्या आसावरचे वजन त्याच वेळी १०० किलोंनी घटते. म्हणजे पुढे ३२० चे ५७० झाले आणि हाताचा जोर आठावरून चौदावर गेला. सांधे कोरडे असतील तर अठ्ठावीसवर.

तुलनेसाठी एक आकडा देतो. युरोपात १९७५ साली ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगसाठी एक नियम ठरवला गेला. सरळ जाणारा ट्रॅक्टर १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळवताना हाताने लावायचा जोर २५ डेकान्यूटनपेक्षा, म्हणजे जवळजवळ २५ किलोभारापेक्षा जास्त असता कामा नये. तो नियम चालत्या ट्रॅक्टरचा आहे, आणि चालत्या ट्रॅक्टरचे चाक उभ्यापेक्षा पुष्कळ हलके वळते. तेव्हा आपला उभ्या ट्रॅक्टरचा अठ्ठावीस त्याच्या शेजारी जसाच्या तसा ठेवता येणार नाही. तरी अंदाज येतो. ग्रीस घातलेला, पुढे बोजा नसलेला छोटा ट्रॅक्टर सुदृढ माणसाला मुळीच जड जाऊ नये.

मग ‘चैन’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले की काय? थांबा, गणित अजून संपलेले नाही.

१०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद, म्हणजे एक हेक्टरचे शेत घ्या. कापसाच्या ओळींत १.२ मीटर अंतर असेल, तर ८३ पट्टे आणि ८२ वळणे होतात. दर वळणाला स्टिअरिंग सरळवरून टोकापर्यंत अडीच फेरे, आणि परत सरळ करायला अडीच. एकूण चारशेच्या वर फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात हात १.२ मीटर चालतो. जोर ८ किलोभार धरला, तर एकूण कार्य सुमारे ३८ हजार ज्यूल, म्हणजे ९ किलोकॅलरी. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा पाचवा हिस्साच कार्यात बदलतात असे धरले, तरी ४५ किलोकॅलरी पुरल्या. अर्ध्या भाकरीएवढीसुद्धा ऊर्जा नाही!

आणि तरीही संध्याकाळी खांदे भरून येतात. येथे पदार्थविज्ञानातले ‘कार्य’ आणि शरीराचे ‘श्रम’ यांची फारकत होते. पाण्याची भरलेली बादली हात लांब करून धरून उभे राहा. बल आहे, विस्थापन नाही, म्हणून कार्य शून्य. पण मिनिटभरात हात थरथरू लागतो. स्टिअरिंगचेही तसेच आहे. थकवा येतो तो एकूण कार्याने नव्हे. ऐन वळणावर एकदम लावाव्या लागणाऱ्या जोराने, कोपरे उचलून धरण्याने आणि हिसक्यांनी. चाक दगडावर किंवा खोल भेगेत आपटले की साधे स्टिअरिंग उलटे झटकन फिरते. म्हणूनच जुने चालक नव्या माणसाला अंगठे आतल्या आऱ्यांमध्ये घालू देत नाहीत. झटक्यासरशी अंगठा मोडायचा.

आणखी एक प्रश्न आपण विचारलाच नाही. जोर मोजायचा, पण तो कोणाच्या हातांनी? ‘सुदृढ माणसाला जड जाऊ नये’ असे मी वर लिहिले, ते मुद्दाम. आपल्याकडे कपाशीतली खुरपणी बहुतेक स्त्रियाच करतात. त्यांच्या पिकातून ट्रॅक्टर चालू लागला, की त्यावर बसतो मात्र एखादा तरुण मुलगा. स्त्रियांच्या खांद्यांचा आणि हातांचा जोर पुरुषांपेक्षा सरासरीने कमी भरतो. वय साठीकडे झुकलेल्या शेतकऱ्याचाही कमी होत जातो. चौदा किलोंचे स्टिअरिंग विशीतल्या मुलाला काही वाटणार नाही. त्याच्या आईला आणि आजोबांना ते यंत्रापासून दूर ठेवील. कोणी पाटी लावून मनाई करीत नाही. मनाई स्टिअरिंगमध्येच असते. म्हणून मी पॉवर स्टिअरिंगला चैन म्हणायला तयार नाही. ज्या यंत्रावर शेताच्या मालकिणीला बसता येत नाही, ते यंत्र त्या शेतासाठी पुरे झालेलेच नाही, असे माझे मत आहे.

आता हे काम कसे करते ते पाहू. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन अभियंता पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटारींच्या विभागात होता. अवजड मालमोटारी वळवताना चालकांचे होणारे हाल त्याने पाहिले होते. नोकरी सोडून त्याने स्वतःचे प्रयोग सुरू केले आणि १९२६ साली पॉवर स्टिअरिंग लावलेली मोटार चालवून दाखवली. पण मंदीच्या काळात मोटारकंपन्यांना तो खर्च परवडेना. दुसऱ्या महायुद्धात जड चिलखती गाड्यांना ते हवेसे झाले, आणि सर्वसामान्य विक्रीच्या मोटारीत, क्रायस्लर इंपीरियलमध्ये, ते आले १९५१ साली. पंचवीस वर्षे! म्हणजे ‘चैन’ हा शब्द काही पिंगळीच्या शिवारात जन्मलेला नाही.

डेव्हिसची खरी युक्ती झडपेत होती. पंप सतत फिरतो, पण स्टिअरिंग सरळ असताना झडप तेलाला मोकळी वाट देते. तेल फिरून परत टाकीत येते आणि दाब जवळपास नसतो. स्टिअरिंग थोडे फिरले की झडप एक वाट आवळते, दाब चढतो आणि तेल दट्ट्याला त्या बाजूने ढकलते. पुढचे काम पास्कलच्या नियमाचे. नळकांड्याचा व्यास ४ सेंटिमीटर आणि आतल्या दांड्याचा २ सेंटिमीटर असेल, तर तेलाला ढकलायला ९.४ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोभार दाब असला की ६६० किलोभार जोर तयार झाला. दट्ट्या १५ सेंटिमीटर सरकायला तेल लागते फक्त १४१ घनसेंटिमीटर, चहाच्या एका कपाएवढे. हे सारे तीनेक सेकंदांत करायचे तर शक्ती लागते अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास. पंधरांतली अर्धी! छोट्या ट्रॅक्टरला मागचे अवजार उचलण्यासाठी तेलाचा पंप मुळातच असतो. मात्र त्याच पंपावर स्टिअरिंग जोडायचे, तर तेल आधी स्टिअरिंगला आणि उरलेले अवजाराला, अशी वाटणी करणारी झडप हवीच. नाहीतर अवजार उचलतानाच, म्हणजे नेमके धुऱ्यावर, स्टिअरिंग उपाशी राहायचे.

दुसरा मार्ग विजेचा. १९८८ साली जपानच्या सुझुकीने सर्व्हो या छोट्या मोटारीत विजेच्या मोटरने चालणारे स्टिअरिंग आणले. आज बहुतेक लहान मोटारींत तेच असते. पण तीच शक्ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यायची, तर ऐन वळणाला तीस अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. छोट्या ट्रॅक्टरची वीज बनवणारी यंत्रणा तेवढी पुरवू शकते का, हे आधी तपासले पाहिजे.

पॉवर स्टिअरिंग चाके वळवते, ट्रॅक्टर वळवीलच असे नाही. काळी जमीन वाफशावर नसेल, चिखल टायरला लडबडलेला असेल आणि मागे जड अवजार ओढल्याने नाक हलके झालेले असेल, तर पुढची चाके वळलेली राहतात आणि ट्रॅक्टर खुशाल सरळ जातो. अशा वेळी पुढे थोडे वजन लावणे, किंवा ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या मागच्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात त्यांतला आतल्या बाजूचा दाबून वळणे, हाच उपाय. आतले चाक अडले की इंजिन बाहेरच्या चाकाने ट्रॅक्टर फिरवते. म्हणजे बिनखर्चाचे एक ‘पॉवर स्टिअरिंग’ ट्रॅक्टरला आधीपासूनच आहे! मात्र रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही ब्रेक खिळीने एकत्र जोडायचे. हे विसरणे म्हणजे वेगात ट्रॅक्टर उलटण्याला आमंत्रण.

आता भंगारवाल्या मंडळींकडे वळतो. त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. आपल्या गावांतली निम्मी यंत्रे त्यांच्याच हातांनी चालू राहतात. पण अवजाराला जोड देणे वेगळे आणि स्टिअरिंगला जोड देणे वेगळे. कोळप्याचा दांडा तुटला तर दुपार वाया जाते. स्टिअरिंगचा हात तुटला तर ट्रॅक्टर विहिरीत, कालव्यात नाहीतर समोरच्या बसवर जातो. हा हात घडीव पोलादाचा असतो. त्यावर वेल्डिंग केले की जोडाच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते. वरून काही दिसत नाही, आणि एका हिसक्याला ती मोडते. शिवाय तेलावर चालणाऱ्या एका प्रकारात स्टिअरिंग आणि चाके यांच्यामध्ये दांडाच नसतो, फक्त तेलाच्या नळ्या असतात. इंजिन बंद पडले तर हाताने तेल ढकलून, जड का होईना, वळवता येते. पण नळी फुटली तर हातात राहते ते नुसते फिरणारे वर्तुळ. दुसऱ्या प्रकारात जुना दांडा तसाच ठेवून दट्ट्या त्याच्या मदतीला लावतात. छोट्या ट्रॅक्टरला नंतर बसवायचेच असेल, तर मी हा दुसरा प्रकार निवडीन. त्याच युरोपीय नियमात मदत बंद पडल्यावर लागणाऱ्या जोरालाही मर्यादा आहे: ६० डेकान्यूटन. मदत बंद पडेल तेव्हा काय, हा प्रश्न तेथे आधीच विचारून ठेवला आहे. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीशी न जुळणारे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत. म्हणून हे काम कारखान्याच्या किंवा जाणकार अभियंत्याच्या सल्ल्यानेच व्हावे. आता काही छोटे ट्रॅक्टर कारखान्यातूनच पॉवर स्टिअरिंगसह मिळतात. नवा घेणाऱ्याने त्याचा विचार करावा, आणि विकणाऱ्याने ‘हे तुम्हांला कशाला’ असे म्हणू नये.

तुम्ही काय करू शकाल? मोजू शकाल. भंगारवाल्याकडे किंवा धान्याच्या दुकानात लटकता काटा असतो. शाळेतल्या तानकाट्यापेक्षा तो जास्त भार मोजतो. इंजिन बंद, हातब्रेक लावलेला, जागा सपाट, आणि शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस जवळ, एवढी तयारी करा. स्टिअरिंगच्या कडेला दोरी बांधून काट्याने ओढा. दोरी कडेला स्पर्शिकेच्या दिशेने राहू द्या. चाके हलू लागतील त्या क्षणीचा आकडा टिपा. हे सिमेंटच्या ओट्यावर करा, मऊ मातीत करा. टायरची हवा पुस्तकात दिल्याइतकी भरून करा, ग्रीस भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर करा. मिस्त्रीकडून पुढचा आस जॅकवर घेऊन खाली लाकडी ठोकळे लावता आले, तर चाके अधांतरी असतानाही एक आकडा घ्या. तो आकडा केवळ सांध्यांचा, उरलेला जमिनीचा. कोणता वाटा मोठा आहे ते कळले, की खर्च ग्रीसवर करायचा की पंपावर, हे घरात आवाज न चढवता ठरवता येईल.

शिक्षकांना एक सुचवतो. परभणीला १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. आज त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तेथे कृषी अभियांत्रिकीही शिकवतात आणि बैलांच्या शक्तीचा योग्य वापर कसा करावा यावरही संशोधन होते. पाच-सहा ट्रॅक्टरांचे आकडे जमले, तर मुलांना घेऊन तो तक्ता तेथे जरूर दाखवा.

तक्त्यात एक रकाना मात्र यंत्राचा नसावा. तोच काटा भिंतीतल्या कडीला अडकवून घरातल्या प्रत्येकाने ट्रॅक्टरवर बसल्यासारखे बसून दोन्ही हातांनी ओढायचा, आणि दहा सेकंद न थरथरता किती भार धरता येतो ते लिहायचे. आधी आईचा आकडा घ्या, मग आजोबांचा, शेवटी स्वतःचा. आणि ओढण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, ते पाहायला विसरू नका. दुकानातले काटे पुष्कळदा नसतात.